बेट भाड्याने, देश हद्दपार

गेल्या मार्गशीर्षात आमच्या विवाहाला तीस वर्षे पूर्ण झाली. पत्रकाराच्या संसारात असे दिवस बहुधा अंक छपाईला जाण्याच्या दिवशीच उगवतात. त्यामुळे तीस वर्षांत हा दिवस आम्ही उभयतांनी घराबाहेर साजरा केल्याचे मला स्मरत नाही. कन्या व जावई बंगळुरूस असतात. त्यांनी आमच्या हाती एक लिफाफा ठेवला. आत मालदीवमधील एका बेटावर चार रात्रींच्या मुक्कामाचे आरक्षण होते, तेही पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या बंगलीत. ‘‘बाबा, आता नाही म्हणू नका, पैसे परत मिळत नाहीत,’’ हे वाक्य कन्येने आधीच तयार ठेवले होते. मी सौभाग्यवतीकडे पाहिले. मागण्यासारखे पुष्कळ असूनही जिने तीस वर्षांत फारसे काही मागितले नाही, तिच्या चेहऱ्यावरची उत्सुकता पाहून माझी तत्त्वे मुकाट बसली. आम्ही गेलो.

‘चंगळवादावर हयातभर लेख लिहिणारा माणूस अखेर मालदीवला गेला,’ अशी मित्रांनी थट्टा केली. ती रास्त आहे. भोग घेऊन आलेल्याने त्यागाची प्रवचने देऊ नयेत, एवढे तारतम्य मला आहे. मुलांच्या प्रेमाबद्दल तर तक्रारीचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु निळे पाणी, पांढरी वाळू, दोन खुर्च्या आणि चोहीकडे कोणीही नाही, हे चित्र गेल्या काही वर्षांत आपल्या मध्यमवर्गीय घरांत मधुचंद्राचा आणि विवाहाच्या रौप्यमहोत्सवाचा आदर्श होऊन बसले आहे. त्या चित्राच्या मागे काय आहे, हे तेथे चार रात्री राहून आलेल्याने सांगायला हवे. माझे म्हणणे थोडक्यात असे : तेथील समुद्र खरोखर सुंदर आहे, पण समुद्र तर तेथल्या कोळ्यालाही फुकट मिळतो. रिसॉर्ट जो माल लाखो रुपयांना विकते, तो माल म्हणजे त्या देशातल्या माणसांची गैरहजेरी. आणि इतरांच्या गैरहजेरीवर उभे असलेले सुख आपल्या संसाराचा आदर्श होऊ शकत नाही.

घड्याळसुद्धा निराळे

मुंबईहून मालेला जायला विमानाला अडीच-तीन तास लागतात. तेथून पुढे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जावे लागते. ही विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात. खिडकीतून माले शहर दिसले. इमारतीला इमारत चिकटलेली, समुद्राच्या काठापर्यंत कोंबून भरलेली. २०२२ च्या जनगणनेनुसार मालदीवची लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार आहे आणि त्यांतील ४० टक्क्यांच्या आसपास माणसे या राजधानीच्या परिसरात राहतात. आम्हाला घडलेले राजधानीचे दर्शन एवढेच. पाच मिनिटांत ती मागे पडली.

बेटावर उतरताच शहाळ्याचे पाणी मिळाले, थंड टॉवेल मिळाला आणि पाठोपाठ पहिली सूचना मिळाली : घड्याळे एक तास पुढे करा. मालेचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या अर्धा तास मागे असते. या बेटाचे मात्र अर्धा तास पुढे. तेथील अनेक रिसॉर्टांची अशी स्वतंत्र वेळ असते. पाहुण्याला संध्याकाळचा उजेड अधिक लाभावा, हा त्यामागचा हेतू. सूर्य तोच, समुद्र तोच, पण शेजारच्या बेटावर साडेपाच वाजलेले असताना आमच्याकडे साडेसहा वाजत. ज्या देशात आपण आलो त्या देशाची वेळदेखील आपल्याला सोसवू नये, याला काय म्हणावे?

घड्याळाचे झाले तेच चलनाचे. त्या देशाच्या नाण्याला ‘रुफिया’ म्हणतात. आपल्या रुपयाचाच तो भाऊबंद. चार दिवसांत आम्हाला एकही रुफिया हाताळायला मिळाला नाही. सारा व्यवहार डॉलरचा. कायद्याचेही तेच. वस्ती असलेल्या बेटांवर मद्याला बंदी आहे, रिसॉर्टच्या बेटावर ते वाहते आहे. जेवणाच्या दालनात इटलीचा पास्ता होता, जपानची सुशी होती, आपल्या पाहुण्यांसाठी पनीर होते. त्या देशाचे जेवण मात्र आठवड्यातून एका रात्री, दिव्यांची आरास करून, ढोल वाजवून, नाटकाच्या प्रयोगासारखे मांडले जाते. उरलेले सहा दिवस मालदीव या शब्दाचा मालदीवशी काही संबंध नसतो.

एक बेट, एक रिसॉर्ट

ही रचना आपोआप झालेली नाही. मालदीवमध्ये सुमारे ११९० बेटे आहेत. वस्ती असलेली दोनशेच्याही आत. १९७२ साली मालेजवळच्या एका निर्मनुष्य बेटावर ‘कुरुम्बा’ हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. कुरुम्बा म्हणजे त्यांच्या भाषेत शहाळे. पुढे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हे राज्याचे धोरणच झाले. ओसाड बेट कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे. कंपनीने तेथे वीज, पाणी, धक्का, सारे स्वतः उभारायचे. परदेशी पाहुण्याने तेथेच उतरायचे आणि तेथूनच परत जायचे. वस्तीच्या बेटांवर पाहुण्यांसाठी घरगुती निवास काढायला सरकारने परवानगी दिली ती २००९ च्या सुमारास. म्हणजे त्याआधी कितीतरी वर्षे सामान्य मालदीवी माणसाला आपल्या गावात पाहुणा ठेवण्याची मुभा नव्हती. आज रिसॉर्टांची संख्या दीडशेच्या वर गेली आहे. २०२४ मध्ये वीस लाखांहून अधिक पर्यटक तेथे आले. देशातल्या प्रत्येक माणसामागे चार पाहुणे, आणि तरीही बहुतेकांची यजमानाशी गाठ पडत नाही!

न्यायाने बोलायचे तर या धोरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मासेमारीखेरीज उपजीविकेचे साधन नसलेल्या देशाला पर्यटनाने परकीय चलन दिले, शाळा-रुग्णालये उभी राहिली, आणि २०११ च्या जानेवारीत मालदीव संयुक्त राष्ट्रांच्या ‘अल्पविकसित’ देशांच्या यादीतून बाहेर पडला. हे लहान यश नव्हे. आपल्या समाजाच्या रीतिरिवाजांना परक्यांच्या वागण्याचा उपसर्ग होऊ नये म्हणून पाहुण्यांना दूर ठेवण्याचा त्या सरकारचा विचारही समजण्यासारखा आहे. तेव्हा माझा राग मालदीववर नाही. त्या छोट्या देशाने पोटासाठी जे केले ते केले. माझा प्रश्न, ती गैरहजेरी मोठ्या हौसेने विकत घेणाऱ्या आपल्याला आहे.

आणि त्या निर्जन शांततेच्या मागे केवढे यंत्र धडधडत असते! गोडे पाणी समुद्राच्या पाण्यातून काढलेले. ते काढणारी यंत्रे डिझेलच्या जनित्रांवर चालणारी. भाजीपाला, दूध, पीठ बाहेरून आणलेले. लाटांनी वाहून गेलेली किनाऱ्याची वाळू पंपाने पुन्हा आणून ओतलेली. कचरा दृष्टीआड केलेला. मालेच्या पश्चिमेला तिलाफुशी नावाचे बेट आहे. १९९२ पासून उथळ समुद्रात कचरा टाकून टाकून ते वाढवले गेले आणि कितीतरी वर्षे तेथे उघड्यावर कचरा जळत होता. ज्या देशाची जमीन समुद्रापासून सरासरी दीड मीटर उंचीवर आहे, त्या देशाला असल्या चैनीची किंमत सर्वांच्या आधी मोजावी लागणार. समुद्र तापल्याने तेथील प्रवाळ १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. हे संकट जगासमोर मांडण्यासाठी तेथील मंत्रिमंडळाने २००९ च्या ऑक्टोबरात समुद्राच्या तळाशी बैठक घेतली होती. आपल्या बंगलीच्या काचेच्या जमिनीतून तो तळ पाहताना पाहुण्याला यातले काहीही दिसत नाही. दिसू नये अशीच व्यवस्था असते.

पाकळ्या अंथरणारे हात

पहिल्या संध्याकाळी आम्ही फिरून परत आलो तो पलंगावर फुलांच्या पाकळ्यांनी शुभेच्छा लिहिलेल्या होत्या आणि टॉवेलांचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवलेले होते. सौ. हरखली. दुसऱ्या दिवशी ते करणारा मुलगा भेटला. वय पंचवीस-सव्वीस. बांगलादेशातील कुमिल्ला भागातला. चित्रपट पाहून पाहून हिंदी चांगली बोलत होता. रिसॉर्टची रीत अशी की सेवकाने हसावे, विचारले तेवढे बोलावे आणि दिसेनासे व्हावे. पण आमच्या सौभाग्यवतीला ही रीत कुठली माहीत? तिने त्याला बसवून घेतले आणि आपल्या घरी आलेल्या मुलाला विचारावे तसे विचारले, ‘‘बेटा, घरी कोण कोण आहे? लग्न झाले का?’’

लग्नाला तीन वर्षे झाली होती. या तीन वर्षांत तो बायकोजवळ किती राहिला, याचा हिशोब त्याला तोंडपाठ होता : बहात्तर दिवस. एक मुलगी झाली, ती त्याने अजून फोनच्या पडद्यावरच पाहिली होती. दलालाला दिलेल्या पैशांचे कर्ज फेडण्यात पहिले दीड वर्ष गेले. राहायला बेटाच्या मधोमध, दाट झाडीच्या आड, पाहुण्यांच्या नजरेला पडणार नाही अशा चाळीत एका खोलीत सहा जण. हे सारे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. उलट, नोकरी चांगली आहे, साहेब चांगले आहेत, असेच तो म्हणत होता. तो उठून गेल्यावर सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘अहो, हा रोज दुसऱ्यांच्या संसारावर फुले पसरतो आणि स्वतःच्या बायकोचे तोंड पाहायला याला दिवस मोजावे लागतात.’’

वाचकहो, मालदीवच्या लोकसंख्येत चौथा हिस्सा परदेशी माणसांचा आहे. त्यांत बांगलादेशी आहेत, नेपाळी आहेत, श्रीलंकेचे आहेत, आपल्या केरळ-तमिळनाडूचेही आहेत. दांपत्यसुखाची ही बाजारपेठ चालवतात ते असे दांपत्यसुखाला पारखे झालेले हात. पोटासाठी परमुलखात जाणे नवे नाही. कोकणातला चाकरमानी मुंबईच्या गिरणीत असाच राबला आणि त्याची बायको गावाकडे वाट पाहत राहिली. पण त्या चाकरमान्याच्या विरहावर कोणी ‘प्रेमाची सुट्टी’ म्हणून पाटी लावली नव्हती. येथे ती पाटी लागते आणि तिचे पैसे आपण मोजतो.

पूर्वी मालदीवच्या समुद्रातील कवड्या गलबतांतून बंगालला जात आणि तेथे नाणी म्हणून चालत. आपल्या बोलण्यातली ‘फुटकी कवडी’ कोणत्या समुद्रातून आली असेल, याचा विचार आपण करीत नाही. आज कवड्यांचे चलन गेले, पण कवडीमोलाने मिळणारा माणूस मात्र राहिला.

एके, दे, तिने...

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आम्हा दोघांकडे बोलण्यासारखे काही उरले नव्हते. घरी वेळ मिळत नाही म्हणून बोलणे होत नाही, असे आम्ही तीस वर्षे समजत आलो. येथे वेळच वेळ होता आणि शब्द नव्हते. कारण नवरा-बायकोचे बोलणे तरी कशावर चालते? शेजारच्या काकूंच्या गुडघ्यावर, भावाच्या मुलीच्या स्थळावर, वर्गणी मागायला आलेल्या मुलांवर, सकाळी भेटलेल्या माणसावर. चोहीकडची माणसे काढून घेतली की दोघांतले बोलणेही आटते. आजूबाजूच्या खुर्च्यांवर पाहिले. तरुण जोडपी होती. तो तिचे छायाचित्र काढत होता, ती ते पाहून पुन्हा काढायला सांगत होती. त्या एकांतातही त्यांना कोणीतरी पाहायला हवेच होते. फक्त ते कोणीतरी दूर, पडद्यापलीकडे होते.

त्या संध्याकाळी आम्ही मासेमारीच्या होडीवर गेलो. तिथे ‘धोनी’ म्हणजे क्रिकेटपटू नव्हे, होडी. होडीवाला मात्र मालदीवी होता. चार दिवसांत जवळून भेटलेला पहिलाच. गळाला लागलेले मासे तो मोजू लागला : ‘‘एके, दे, तिने, हतरे...’’ सौ. ताडकन वळली. ‘‘अहो, हे तर आपलेच आकडे!’’ त्याने पुढे मोजले : फहे, हये, हते, अशे, नुवये, दिहये. पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा. आपल्या ‘स’चा त्यांच्याकडे ‘ह’ होतो आणि ‘प’चा ‘फ’. पाण्याला ते ‘फेन’ म्हणतात, साखरेला ‘हकुरू’. दिवेही ही आपल्या मराठीसारखीच संस्कृत-प्राकृताच्या कुळातली भाषा, सिंहलीची सख्खी बहीण. मालदीव या नावातला ‘दीव’ म्हणजे आपले द्वीपच. ज्या देशात उतरल्यावर पहिल्याच दिवशी हा आनंद मिळायला हवा होता, तो आम्हाला तिसऱ्या दिवशी, अपघाताने, मासे मोजताना मिळाला.

मग सौभाग्यवतीने हट्टच धरला : याचे गाव पाहायचे. रिसॉर्टकडे ‘स्थानिक बेटाची सहल’ होती. दोन तास, डॉलरात दर, बरोबर वाटाड्या. प्राणिसंग्रहालय दाखवावे तसे माणसांचे गाव दाखवायचे, हे मनाला लागले. पण दुसरा मार्ग नव्हता. वाटाड्या आम्हाला शिंपल्यांच्या दुकानांकडे नेत होता, सौ. गल्ल्यांत शिरत होती. एका घराच्या अंगणात एक वृद्धा झोपाळ्यावर बसली होती. त्या झोपाळ्याला ते ‘उंदोली’ म्हणतात. आपला हिंदोळा आठवावा. शेजारी दोरीच्या जाळीची बैठक, तिचे नाव ‘जोली’. आपली झोळीच ती. वृद्धेने हाताने खूण करून सौ.ला झोपाळ्यावर शेजारी बसवले. चहा आला, जाडसर रोटी आली, तिला ते ‘रोशी’ म्हणतात, आणि बरोबर ‘मास हुनी’ : कुप्याचे मांस, खवलेले खोबरे, कांदा, मिरची, लिंबू. आम्ही मूळचे मालवणकडचे. पहिल्या घासालाच सौ. म्हणाली, ‘‘ही तर किसमूर!’’

वाटाड्या दुभाष्याचे काम करीत होता. वृद्धेचा मुलगा एका दूरच्या रिसॉर्टवर स्वयंपाकी. दोन-तीन महिन्यांनी घरी येतो. सून येथेच, कारण मुलींनी परक्या बेटावर राहून नोकरी करावी, हे घरच्यांना पटत नाही. आम्ही कोठे उतरलो, असे तिने विचारले. अंगणातून समुद्रापलीकडे आमचे बेट दिसत होते, त्याकडे मी बोट केले. ती हसली आणि काही बोलली. वाटाड्याने जरा थांबून सांगितले, ‘‘त्या म्हणतात, लहानपणी आम्ही तेथे नारळ आणि सरपण गोळा करायला जायचो. आता गेल्या वीस वर्षांत तेथे पाऊल टाकलेले नाही.’’

मी काय उत्तर देणार होतो? जे बेट तिच्या अंगणातून दिसते तेथे ती जाऊ शकत नाही आणि हजारो कोस दूरचा मी चार रात्री पैसे मोजून तेथे राहतो. आमच्या त्या निर्मळ, निर्जन किनाऱ्याची खरी किंमत मला त्या अंगणात कळली.

परतताना होडीत आम्ही दोघे अखंड बोलत होतो. तीन दिवसांचे आटलेले पाणी त्या एका तासाने परत आणले.

बहिष्कार झाला, आता नक्कल नको

येथे काही वाचक विचारतील : मालदीवचे एवढे कौतुक कशाला? २०२४ च्या जानेवारीत भारताच्या पंतप्रधानांविषयी तेथल्या तीन उपमंत्र्यांनी जे अश्लाघ्य लिहिले ते विसरलात काय? विसरलो नाही. १९८८ च्या ३ नोव्हेंबरला भाडोत्री बंडखोरांनी माले ताब्यात घेतली तेव्हा आग्र्याहून निघालेले आपले जवान त्याच रात्री तेथे उतरले. २०१४ च्या डिसेंबरात मालेचा पाणी शुद्ध करणारा कारखाना आगीने बंद पडला तेव्हा आपली विमाने आणि नौदलाची जहाजे पिण्याचे पाणी घेऊन धावली. अशा शेजाऱ्याच्या मंत्र्यांनी तसे लिहावे, याचा संताप येणे स्वाभाविक होते. तेथील सरकारनेही त्या तिघांना निलंबित केले. २०२३ मध्ये मालदीवला जाणाऱ्या पर्यटकांत सर्वाधिक, दोन लाखांहून अधिक, भारतीय होते. २०२४ मध्ये ते सव्वा लाखाच्या आसपास आले. भारतीय ग्राहकाचा राग काय करू शकतो, हे जगाने पाहिले.

पण त्याच काळात भारत सरकारने काय केले? २०२४ च्या एप्रिलात मालदीवसाठी तांदूळ, पीठ, कांदे, बटाटे, अंडी यांच्या निर्यातीचा कोटा मंजूर केला आणि तो १९८१ च्या करारानंतरचा सर्वाधिक होता. राष्ट्राने शेजाऱ्याची चूल विझू दिली नाही. पुढे २०२५ च्या जुलैत मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला आपले पंतप्रधानच प्रमुख पाहुणे होते. राष्ट्राचा स्वाभिमान आणि शेजारधर्म एकत्र नांदू शकतात, याचा हा पाठ आहे.

माझी चिंता वेगळी आहे. त्या जानेवारीत आपल्यातल्या पुष्कळांनी एक घोषणा उचलली : मालदीव कशाला, आपले लक्षद्वीप आहे ना! घोषणा देशप्रेमाचीच होती. परंतु तिच्या पोटात काय दडले होते? ‘तीच पाण्यावरची बंगली, तीच निर्जन वाळू, तीच चैन, फक्त तिरंग्याखाली.’ चंगळवादाने पारपत्र बदलले म्हणून तो देशभक्ती होत नाही.

लक्षद्वीप म्हणजे रिकामी वाळू नव्हे. ३२ चौरस किलोमीटर एवढीच एकूण जमीन, वस्तीची बेटे दहा आणि २०११ च्या जनगणनेनुसार ६४ हजारांवर आपले देशबांधव. मिनिकॉय बेटावर तर दिवेहीचीच बोली बोलली जाते. ‘एके, दे, तिने’ ऐकायला पारपत्राची गरज नाही. तेथील मासेमार कुपा गळाने पकडतात. त्या गळाभोवती पाण्यात फेकायचे बारीक जिवंत मासे उथळ खाजणातल्या प्रवाळांच्या आश्रयाने वाढतात. प्रवाळ मेले तर तो आमिषाचा मासा गेला. तो गेला तर कुपा गेला. कुपा गेला तर चूल गेली. हे प्रवाळ १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये तापलेल्या समुद्राने होरपळले आहेत. गोड्या पाण्याचा तर जमिनीखाली एक पातळ थर, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा. उपसा वाढला की विहीर खारी होते. अशा ठिकाणी सुहेली आणि कदमत या बेटांवर पाण्यावरच्या बंगल्यांसह पंचतारांकित रिसॉर्ट उभारण्याची घोषणा एका नामवंत हॉटेल समूहाने २०२३ च्या जानेवारीतच केली आहे.

पर्यटन नको, असे मी म्हणत नाही. बेटांवरच्या मुलांना रोजगार हवा, बोटी हव्यात, रुग्णालय हवे, आणि देशाच्या सीमेवरच्या या नागरिकांकडे उरलेल्या देशाने पाहुणा म्हणून जायलाच हवे. प्रश्न एवढाच की पाहुणा कोणाच्या घरी उतरणार? बेटवासीयाच्या घरी, की त्याच्या बेटावर उठवलेल्या कुंपणाच्या आत? उद्या आगत्तीची एखादी आजी आपल्या अंगणातून पलीकडच्या बेटाकडे बोट दाखवून ‘लहानपणी आम्ही तेथे जायचो’ असे आपल्याच एखाद्या जोडप्याला सांगणार असेल, तर मालदीवला न जाऊन आपण काय मिळवले? परक्याच्या आजीला जे घडले ते आपल्या आजीला आपल्याच हातांनी घडवायचे काय?

जोडीने जावे, पण माणसांत

‘आमचा पैसा, आमची सुट्टी, तुम्ही कोण सांगणार?’ हा शेवटचा आक्षेप. तो खराही आहे. कोणाच्या पाकिटावर माझा अधिकार नाही. मात्र आमच्या चार रात्रींचा खर्च साडेतीन लाखांच्या घरात गेला आणि कन्या तो अजून हप्त्यांनी फेडते आहे, हे मला परतल्यावर कळले. ऋण काढून सण करू नये, असे आमच्या आई-वडिलांनी आम्हाला शिकवले. आम्ही मुलांना शिकवायला कमी पडलो. तेव्हा हा दोषारोप आधी माझ्यावरच आहे.

आपल्याकडे नवदांपत्याचा पहिला प्रवास कुलदैवताकडे होतो. जेजुरीला नवरा नवरीला उचलून पायऱ्या चढतो. भोवती भंडारा उधळत असतो, अनोळखी म्हाताऱ्या हसून आशीर्वाद देत असतात, मागून कोणी ‘दमलास काय रे’ म्हणून चिडवत असतो. संसाराची सुरुवात माणसांच्या साक्षीने व्हावी, हे त्यातले शहाणपण. मधुचंद्राचा एकांत त्यानंतर आला तरी त्याला माझा विरोध नाही. पती-पत्नींना एकांत हवाच. पण एकांत म्हणजे दार लोटून घेणे. सारा गाव उठवून देणे नव्हे.

ज्यांना मालदीवला जायचेच आहे त्यांनी खुशाल जावे. आता तेथे वस्तीच्या बेटांवर शेकडो घरगुती निवास आहेत; यजमानाच्या अंगणात राहावे, मास हुनी खावी, त्यांच्या घड्याळाप्रमाणे उठावे, त्यांच्या रीतीचा मान राखावा. ज्यांना लक्षद्वीपला जायचे आहे त्यांनी परवाना काढून बेटवासीयांकडे उतरावे आणि कुंपणातल्या रिसॉर्टपेक्षा घरगुती निवास मागावेत. मागणी झाली तर सोय होते, हे ग्राहकशक्ती २०२४ मध्ये दाखवून चुकली आहे. आणि ज्यांना एवढे दूर जायचे नाही त्यांच्यासाठी आमचा सिंधुदुर्ग आहे. तारकर्ली-देवबागच्या कितीतरी घरांत पाहुण्यांसाठी दोन खोल्या असतात, घरची बाई स्वतः वाढते आणि निघताना कोकमांची पिशवी हातात देते. तेथेही मोठ्या कंपन्यांच्या कुंपणांचे आराखडे आले, तर तेव्हा गप्प बसू नये.

निघण्याच्या दिवशी सकाळी तो कुमिल्लाचा मुलगा सामान न्यायला आला. सौ.ने कन्येसाठी घेतलेली एक छोटी चांदीची साखळी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, ‘‘ही तुझ्या मुलीला. तू स्वतः घालायची, पोस्टाने पाठवायची नाही.’’ त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. चार दिवसांत त्या बेटावर कोणी न हसता आमच्यासमोर उभे राहिले, ते त्या क्षणी.

पाण्यावरचे विमान उडाले तेव्हा आमची बंगली खाली दिसली आणि पलीकडे ते गावही दिसले. मी घड्याळ एक तास मागे केले. कन्येला आम्ही निक्षून सांगितले आहे : एकतिसावा वाढदिवस मालवणला, घरी. सगळ्यांनी यायचे. पैसे परत मिळतील.